बी बाजू

फिलेमोन गायकवाडच्या मामाने कुवेतहून आणला होता
रबरी बटणांचा संगणक, चपटा, चपलेएवढा.
त्यांच्या शरणपूरच्या घरात टीव्ही नव्हता,
म्हणून सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात
तो आमच्या जेलरोडच्या खोल्यांत राहायला आला,
उशीच्या अभ्र्यात गुंडाळून.

टीव्ही आमचा कृष्णधवल.
पुढे निळी काच, डोळ्यांना त्रास नको म्हणून.
रंग फिलेमोन तोंडाने सांगायचा:
हा जिना जांभळा, हा मासा पिवळा,
हे आभाळ आहे ना, ते लाल.
त्यानेही पाहिले नव्हते,
हे मला फार नंतर कळलं.

खेळाचं नाव कॅसेटवर पुसट झालेलं.
आम्ही त्या माणसाला गोधडीबुवा म्हणायचो.
लांब टोपी, हातात मेणबत्ती,
मिटल्या डोळ्यांनी गाद्यांवरून उड्या मारत जायचा.
कपाट उघडलं की आत समुद्र.
पाय फुटलेली गजराची घड्याळं मागे लागायची,
एक कवळी नुसतीच चावत फिरायची,
आणि कुंपणावर बसलेल्या मेंढ्या
त्यालाच मोजायच्या, एक, एक, एक.
कशाचाही धक्का लागला की जाग.
जाग आली की एक जीव कमी.

घरातही नियम तोच.
अण्णा नोटांच्या प्रेसमध्ये रात्रपाळीला,
सकाळी आठ ते दुपारी तीन आतल्या खोलीत झोपलेले,
खिडकीला घोंगडी ठोकून.
देवळालीच्या तोफांनी काचा थरथरायच्या,
ते हलायचे नाहीत.
चमचा पडला की उठायचे.

कॅसेट वायर लावली की आतल्या आत किंचाळायची.
एका दुपारी वायर निसटली.

अण्णा दारात. बनियन, गालावर उशीचे वळ.
आम्ही पाचही जीव सोडून दिले.
ते काही न बोलता खाली बसले,
बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.
हा झोपलाय की जागा?
झोपलाय, मी म्हणाले.
म्हणजे ड्यूटीवर आहे.
तेवढ्यात गोधडीबुवा एका दारातून बाहेर पडला.
बाहेर सोडताना झडती नाही घेत याची?

आणि मग, आयुष्यात एकदाच, त्यांनी स्वतःचं स्वप्न सांगितलं.
न कापलेले तक्ते चादरींसारखे उडत असतात.
मी मोजतो. एक कमी भरतो.
गेट बंद, भोंगा होत नाही,
आणि माझ्या खिशात काहीतरी ओलं आहे.
मी हात घालत नाही.
मग तुझी आई चहा आणते.

फिलेमोनने विचारलं, काका, तुम्हाला किती जीव असतात?
अण्णा विचारात पडले.
पाळी बदलेपर्यंत पुरतात, म्हणाले.

जूनमध्ये मामा संगणक विकायला निघाला.
तो कधीतरी परत मिळेल, या आशेवर
आम्ही खेळाची नक्कल केली:
आमचा टेप आणि कुलथ्यांचा टेप, तोंडाला तोंड लावून,
भर दुपारी, उकाड्यामुळे सगळी दारं उघडी.

ती नक्कल कधी चालली नाही.
मामा येईपर्यंत फिलेमोनने चाळीस वेळा लावून पाहिली,
हेडचा स्क्रू पिळून पिळून.
पडद्याच्या कडेला पट्टे यायचे,
टोपी अर्धी उमटायची,
आणि तिथेच सगळं थांबायचं.

आता फिलेमोन कुठे असतो, माहीत नाही.
संगणक तर नाहीच.
कॅसेट आहे. बी बाजू.
अधूनमधून लावते.
आधी किंचाळणं. त्यात खूप लांब एक तोफ.
कुणाच्या तरी कुकरची शिट्टी.
फिलेमोन म्हणतो, श्श.
तिसऱ्या मिनिटाला आतल्या खोलीत अण्णा खोकतात,
कूस बदलतात, खाट करकरते.
इथेच अडत असणार तो.
हे त्याला वाचता येत नव्हतं.

पुन्हा किंचाळणं सुरू होतं.
मी आवाज कमी ठेवते.